उतारावरची चौकी

१

रविवारी दुपारी अल्लीपूरच्या गजेंद्रला थोडा वेळ देव होता येत असे. बाकी आठवडाभर तो साधा हार्डवेअरचा दुकानदार. पाइप, तोट्या, मोटारीचे वॉशर, रंगाचे डबे. रविवारी जेवण झालं की तो शटर अर्धं ओढी, बाजूचा लोखंडी जिना चढून वरच्या खोलीत जाई आणि दार लावून घेई. बायको रक्षा खालून म्हणे, "चालले का लढाईले? चहाले तरी जित्ते येजा."

खोलीत प्लायवुड जोडून केलेलं मोठं टेबल होतं. त्यावर भुसा, जुनी पोती आणि रंग यांनी उभा केलेला सगळा मुलूख: वर्धा नदी, काठची गावं, पांदणी, पळसाची झाडं, आणि बोटाच्या दोन पेरांएवढे शेकडो शिपाई. साल अठराशे तीन. एका बाजूला नागपूरकर भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारची. अशी मोहीम वर्धेकाठी कधी झाली नाही; झाली असती तर कशी झाली असती, एवढाच खेळ. भोसल्यांचा मुख्य तळ गजेंद्रने अल्लीपूरला टाकला होता, तोही नेमका आपल्या घराच्या जागी. एवढी हौस कोणाला नसते?

खेळणारं मात्र खोलीत कोणी नसे. एक दुबईला, एक अकोल्याला, दोघं पिपरी मेघेला. प्रत्येकाने शनिवारी संध्याकाळपर्यंत आपापल्या पलटणीचे हुकूम ई-मेलने पाठवायचे. एकाचे हुकूम दुसऱ्याला दिसत नसत. सगळ्यांचे दिसत ते फक्त पंचाला. पंच म्हणजे गजेंद्र. तो हुकुमाबरहुकूम शिपाई सरकवी, गाठ पडली तिथं फासे टाकी, फोटो काढी आणि सगळ्यांना लढाईची खबर लिहून पाठवी. पंच म्हणेल ते घडलं. पंच म्हणेल तो मेला.

पिपरी मेघेचे दोघं म्हणजे प्रभाकरराव गुरुजी आणि त्यांचा मुलगा नयन. गुरुजींनी गजेंद्रला इथल्याच शाळेत इतिहास शिकवला होता, आणि या खेळाचं खूळही त्यांनीच त्याच्या डोक्यात घातलं होतं. बाप भोसल्यांकडून, लेक कंपनीकडून, आणि घरात कॉम्प्युटर एकच. म्हणून गुरुजींनी स्वतःपुरता एक नियम केला होता: हुकूम पाठवला की आपल्याकडून पुसून टाकायचा, कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या टोपलीतूनसुद्धा. "फितुरी घरातूनच होत असते बा," असं ते हसून म्हणत. त्यामुळे त्यांच्या हुकुमाची एकच प्रत जगात उरे, पंचाजवळची. आणि पंचावर त्यांचा विश्वास होता.

२

टेबलावरच्या नदीला एक उतार होता, पायी ओलांडता येईल अशी जागा. खऱ्या नदीलाही तो आहे. मोहिमेआधी गुरुजी आणि गजेंद्र स्कूटरवर डबा घेऊन तो बघून आले होते. त्या उतारावर गुरुजींनी एक लहानशी चौकी बसवली होती. मूठभर शिपाई, आणि दारूगोळा वाहायला एक लहानसा लाकडी बैल, पोरं तान्ह्या पोळ्याला ओढत मिरवतात तसला. बैल गजेंद्रच्या मुलीचा, प्रेरणाचा, तिच्या लहानपणचा. चार चाकांवर चालणारा, एक चाक वाकडं. चौकीच्या जमादाराचं नाव गुरुजींनी रामाजी ठेवलं. बाकीचे खेळाडू आकड्यांत बोलत. गुरुजी मात्र रामाजीच्या माणसांना घोंगड्या पोचल्या का, ते विचारत.

त्या रविवारी गजेंद्रकडे सासरची मंडळी आली होती. जेवणं लांबली, गप्पा लांबल्या, आणि वर जाऊन त्याने घाईघाईत डाव उरकला. गुरुजींचा एक मेल वाचला, तो शनिवारी सकाळचा. नयनने आपले घोडेस्वार उतारावर सोडले होते. फासे पडले. चौकी कापली गेली, एकही वाचला नाही. गजेंद्रने रामाजीच्या शेवटच्या झुंजीची अशी काही खबर लिहिली की त्याचं त्यालाच भरून आलं. मग शिपाई आणि बैल उचलून त्याने मेलेल्यांच्या डब्यात ठेवले. डबा बिस्किटांचा होता.

सगळ्यांनी वाहवा केली. दुबईच्या स्वप्निलने लिहिलं, अंगावर काटा आला. गजेंद्र संध्याकाळभर त्या वाहवेवर जगला.

सोमवारी दुकानात बसल्या बसल्या फोनवर तो मेल दिसला. शनिवारी संध्याकाळी आलेला, वेळेत आलेला, न उघडलेला, ठळक अक्षरांत. बाहेरूनच पहिली ओळ वाचता येत होती: "रामाजीने आज रात्रीच उतार सोडून तळावर यावे..."

त्याने मेल उघडला नाही. उघडला नाही म्हणजे वाचला नाही, आणि वाचला नाही म्हणजे आलाच नाही, अशी सोय माणूस स्वतःची करून घेतो. तेवढ्यात गुरुजींचा फोन आला.

"गजेंद्र, अरे रामाजीले तं मी वापस बोलावलं होतं ना. शनवारी संध्याकाळीच मेल टाकला तुले."

चुकलं गुरुजी, असं म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण खबर गेली होती, नयनचे स्वार नदी ओलांडून आले होते, वाहवा पोटात गेली होती, आणि पंचच चुकतो म्हटल्यावर खेळाला काय अर्थ राहिला? झाकली मूठ सव्वा लाखाची. गिऱ्हाइकाला माल संपला म्हणून सांगावं तितक्या सहज तो म्हणाला, "नाई गुरुजी. एकच मेल आलता. दुसरा नाई आला."

"नाई आला?"

"नाई."

"बरं," गुरुजी म्हणाले. "मंग मीच... बरं बरं. ठेव."

३

पुढच्या रविवारी फोटो गेले आणि चहा व्हायच्या आत स्वप्निलचा निरोप आला. "पंच, उतारावरून अल्लीपूरकडे येणाऱ्या वाटेवर ते कोण आहेत? रामाजी तर मेला ना?"

गजेंद्रने फोटो मोठा करून बघितला. वाटेवर चौकीचे शिपाई एका ओळीत उभे होते. पुढं लाकडी बैल. त्याने टेबलाकडे बघितलं. वाट रिकामी होती. भुशावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

जुना फोटो चुकून गेला असणार, असं त्याने मनाला सांगितलं. पण त्याच फोटोत नयनचे स्वार होते, आणि ते त्याने आत्ताच, जेवणानंतर, पुढं सरकवले होते. मग फोननेच दोन फोटो एकात मिसळले असतील. हल्लीचे फोन काहीही करतात. त्याने स्वप्निलला लिहून टाकलं, "मागचे शिपाई उचलायचे राहिले." एक खोटं बोललं की दुसरं बोलायला जड जात नाही.

मनाची खात्री करावी म्हणून त्याने डबा उघडला. शिपाई आतच होते. त्याने रामाजीला उचललं, आणि त्याच्या बोटांना गार लागलं. शिपायाच्या पायाखालच्या चकतीला चिखल होता. ओला, काळ्या मातीचा. पाऊस जाऊन कित्येक दिवस झाले होते. टेबलावर तर भुसा आणि रंगाशिवाय काहीच नव्हतं. त्याने चिखल नाकाशी नेला. नदीकाठी येतो तसला वास होता.

"तू वर गेलती काय?" त्याने रक्षाला विचारलं.

"मी काऊन जाऊ? तिथं झाडू माराची सोय नाई. तुमचा मुलूख उडून जाते म्हनता."

खाई त्याला खवखवे, हे गजेंद्रला पाठ होतं. मनाची खवखव आहे, दुसरं काय, असं तो दोन दिवस म्हणत राहिला. पण शर्टाच्या टोकाला त्याने चिखल पुसला होता, आणि तो डाग रक्षाने धुऊनही निघाला नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी त्याने पाठवण्याआधी फोटो स्वतः बघितला. ते अर्ध्याहून जास्त वाट चालून आले होते. बैलाची मान खाली होती, जशी दमलेल्या बैलाची असते. लाकडी बैलाची मान मात्र प्रेरणाच्या लहानपणापासून ताठ होती. गजेंद्रने फोटोचा तेवढा भाग कापला आणि उरलेला पाठवला. मग मेलेल्यांच्या डब्याला चिकटपट्टी गुंडाळली.

४

त्या आठवड्यात नयन दुकानात आला. विम्याच्या कचेरीतून मधूनच निघून आला होता. पाइपांच्या थप्पीवर हेल्मेट हातात फिरवत बसला.

"गजूभाऊ, बाबाचं काही खरं नाई राह्यलं."

"काऊन? काय झालं?"

"तो मेल. पहिले दोन दिवस भांडले, मी पाठवलाच होता म्हणे. मंग गप्प झाले. आता गॅस बंद केला का, ते पाच वेळा पाह्यते. पोस्टात जातो म्हणून निघते आन् चौकातून वापस येते, कुलूप लावलं का म्हणून. वर्ध्याच्या डॉक्टरले दाखवलं. त्यानं जे जे विचारलं ते सगळं बरोबर सांगतलं बाबानं, आन् शेवटी म्हणते, डॉक्टरसाहेब, हे बरोबर आलं असन, पण मले माया भरोसा नाई." नयनने नाक पुसलं. "आईचंही असंच सुरू झालतं. शेवटी मलेही ओळखत नोती ती. मंजुषानं सासऱ्याच्या स्कूटरची चाबी लपवून ठेवली. बाबानं मागतलीही नाई."

गजेंद्र काउंटरवरचे वॉशर उगीच एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकत होता.

"तू पंच आहेस," नयन म्हणाला. "तुले इचारल्याबिगर मले राह्यवत नाई. मेल खरंच नोता आला? आला असन, कुठी तुया फोनमंदी इकडंतिकडं पडला असन, तं बाबा ठीक आहे. नसन आला, तं मले मानाच लागन."

फोन गजेंद्रच्या खिशात होता. मेल त्यात होता, अजून ठळक अक्षरांत.

"नोता आला," गजेंद्र म्हणाला.

नयनने मान हलवली, उठला आणि वर म्हणाला, "तरी बरं, तुयासारखा मानूस आहे." गजेंद्रला स्वतःची अशी किळस आली की तो आत जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला. लाज एवढी होती, तर मग नयनच्या मागं धावायला पाय का निघेनात, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. लाज होती म्हणूनच निघाले नाहीत.

तो बाहेर आला तर नत्थू उभा होता. नदीच्या बाजूला याची भाजीची वाडी. पाइपाचा जोड घेता घेता तो म्हणाला, "भाऊ, गावात कोण्या पोराचा तान्ह्या पोळ्याचा बैल हारपला काय?"

"काऊन?"

"वांग्याले पानी देल्लं होतं. चिखलातून चाकोरी गेली ना, बोटाएवढी. एक चाक वाकडं चालते. नदीकून आली, गावाकडं गेली. वापस गेल्याची नाई."

"खेळत असन एखादं पोट्टं."

"पोट्ट्याचे पाय नाई ना संगं," नत्थू म्हणाला. "तेच तं तुमाले इचारून राह्यलो."

५

आता सांगूनच टाकायचं, असं ठरवून गजेंद्र पिपरी मेघेला गेला. वाटभर वाक्य घोकत गेला. गुरुजी, मेल आलता. माया हातून चुकलं.

गुरुजी अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसले होते, गळ्याला मफलर. महिन्याभरात माणूस लहान झाला होता. गजेंद्रला बघून ते उठायला लागले, आणि त्याने पाय धरायच्या आत त्यांनीच हात जोडले.

"मले माफ कर बा गजेंद्र. तुले मी खोटं पाडलं. मेल मी पाठवलाच नसन. मनात आणलं असन आन् वाटलं पाठवला."

"गुरुजी, असं नोका ना म्हणू."

"नाई, म्हणू दे. आता मी हुकूम नाई देत. माया फौजेचं तूच पाह्य." ते खाली बसले. "एवढंच लागते मनाले, का मानसं मागं राह्यले. तुले केळझर आठवते?"

आठवत होतं. शाळेची सहल केळझरच्या टेकडीवर गेली होती, आणि चौथीतला गजेंद्र देवळामागच्या सावलीत झोपून गेला होता. जागा झाला तेव्हा सगळी पोरं गेली होती. गुरुजींनी सेलूच्या स्टँडवर हजेरी घेतली. त्यांची एक रीत होती: एका नावाला ओ आली नाही की ते पुढचं नाव घेत नसत. गजेंद्रच्या नावाशी ते थांबले, पोरांना दुसऱ्या मास्तरांच्या हवाली केलं आणि एकटे उलटे फिरले. अंधार पडता पडता पोचले. रागावले नाहीत, मारलं नाही. रडणाऱ्या पोरासमोर सरळ उभं राहून त्यांनी त्याचं नाव पुकारलं आणि म्हणाले, "हजर म्हण." तो हुंदक्यातून हजर म्हणाला. मग त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं.

"पंचाच्या हातात सगळं असते," गुरुजी आता म्हणत होते. "मेले तं मेले. पण रामाजीले वापस बोलाव. तळावर आणून उभे कर सगळे. हजेरी झाल्याबिगर मले चैन नाई पडत बा."

"गुरुजी, तो मेल..." गजेंद्रने सुरुवात केली.

दार उघडलं. मंजुषा चहा घेऊन आली, मागं नयन. दोघंही थांबून त्याच्याकडे बघत राहिले.

"काय म्हणत होता?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाई," गजेंद्र म्हणाला. "बोलावतो त्याईले."

"बोलावजो. तुयाच्यानं नाई झालं तं सांगजो. मी जाईन."

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत.

६

परत आला तोच तो वरच्या खोलीत गेला. दुपार होती. बाजारओळ जेवून पडली होती, दुकानातलं घड्याळसुद्धा ऐकू येत होतं. त्याने दार लावलं आणि उभ्या उभ्याच तो मेल पहिल्यांदा उघडला.

"रामाजीने आज रात्रीच उतार सोडून तळावर यावे. नदीपेक्षा माणसे महत्त्वाची. बैल दमला असेल तर सावकाश यावे. आल्यावर पंचाकडे हजेरी द्यावी, म्हणजे मला कळेल."

एवढाच होता. ठळक अक्षरं साधी झाली.

डब्याची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. त्याने डबा हलवला. आत काही वाजलं नाही.

मग जिन्यावर आवाज आला. टक्. मग लोखंडावर काहीतरी घासत वर ओढल्याचा. मग पुन्हा टक्, आणि त्यामागं बारीक, पुष्कळशी खुसफुस, गहू सांडावेत तशी. पायरीपायरीला थांबत, दम खात ते वर येत होतं. बैल दमला असेल तर सावकाश यावे.

मांजर असेल, असं गजेंद्र म्हणाला. मोठ्याने म्हणाला. आवाज दाराशी येऊन थांबला. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. तो एका ठिकाणी अडला, मग दुसऱ्या, मग सगळीकडे. काळ्या पाण्याचा एक ओघळ फटीतून आत आला. नदीचा वास सुटला.

भीती वाटलीच, नाही असं नाही. पण इतक्या भीतीतसुद्धा गजेंद्रला कळत होतं की बाहेर जे आहे ते त्याला काही करायला आलेलं नाही. ते हजेरी द्यायला आलं होतं. कडी काढायची, नावं घ्यायची, आणि गुरुजींना फोन करायचा: आले. तुमचा हुकूम मिळाला होता.

आणि नेमका तिथंच तो अडला. हुकूम मिळाला होता तर तू आमच्याशी खोटं का बोललास? हे नयन विचारणार. मंजुषा विचारणार. दुबई-अकोल्यापर्यंत जाणार. नयन पाइपांवर बसून नाक पुसत होता, तेव्हा मेल याच्या खिशात होता, हे सगळ्यांना कळणार.

त्याने घसा साफ केला. खबर लिहिताना मनात जो आवाज काढी, त्या पंचाच्या आवाजात तो दाराला म्हणाला, "उतारावर परत जा. पुढचा हुकूम येईपर्यंत तिथंच थांबा."

बाहेर सगळं निपचित झालं. कोणी कुरकुरलं असतं, दारावर थाप मारली असती, तर बरं वाटलं असतं. पण ते सैनिक होते. फटीतला उजेड एकेक करून मोकळा झाला. टक्, जिना उतरताना. पुन्हा टक्. वाकडं चाक बराच वेळ ऐकू येत राहिलं.

तो खाली आला तेव्हा रक्षा मोरीशी उभी होती. "कोनाले वापस पाठवलं जी, एवढ्या उन्हाचं? पानी तरी इचाराचं."

"कोणी नोतं," गजेंद्र म्हणाला. त्याला तिच्या डोळ्याला डोळा देववेना.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी नयनचा फोन आला. बाबा घरात नाहीत. मफलर नाही, चपला नाहीत. नदीकडच्या पहिल्या गाडीत चढताना कोणीतरी बघितलं. "त्या बाजूले आमचं कोणी नाई गजूभाऊ. कुठी गेले असतीन?"

गजेंद्रला माहीत होतं. त्याने सांगितलं ते मात्र एवढंच: "चाल, नदीकून पाहून येऊ."

थंडीचे दिवस. उतारावर धुकं इतकं दाट होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता, पाणी मध्येच संपल्यासारखं वाटत होतं. काठाच्या ओल्या रेतीत चपलांचे ठसे होते, म्हाताऱ्या माणसाचे, जवळजवळ पडलेले. ते सरळ पाण्यात गेले होते. आणि त्यांच्या बाजूने, जणू कोणी बोट धरून चालावं तशी, बोटाएवढी एक चाकोरी.

नयनला चाकोरी दिसली नाही. ठसे दिसले. "बाबा!" तो ओरडला. "बाबा!" ओ आली नाही. तो काठाकाठाने वरच्या अंगाला धावत गेला, हाका मारत.

गजेंद्र एकटा उभा राहिला. आणि त्याला ऐकू आलं.

पलीकडून हजेरी चालली होती. चौथीच्या वर्गात येई तोच आवाज, खणखणीत, न थकलेला, ज्याला स्वतःचा भरोसा आहे असा. एक नाव. मग थांबणं. मग गवतातून यावं तसं बारीक उत्तर. दुसरं नाव. उत्तर. रामाजी. हजर.

धुकं क्षणभर विरलं. काठावर मफलर गुंडाळलेला एक माणूस पाठमोरा उभा होता, बोट उचलून मोजत. त्याच्या पायाशी गवत एका ओळीत हलत होतं, आणि वारा तर अजिबात नव्हता. मग धुकं पुन्हा मिटलं.

हजेरी संपत आली. आता संपेल आणि ते निघतील, असं गजेंद्रला वाटलं. कुठं निघतील, याचा विचार करायचं त्याने टाळलं.

"गजेंद्र," पलीकडून आवाज आला.

त्याचं तोंड उघडलं. एकच शब्द म्हणायचा होता, आणि तो त्याला चौथीपासून येत होता. तो म्हटला असता तर गुरुजी वळले असते. वळून, पाणी ओलांडून आले असते. मागं राहिलेल्याला न्यायला ते नेहमीच येत.

तेवढ्यात नयन धापा टाकत परतला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, डोळे लाल. त्याने गजेंद्रचा दंड धरला. "गजूभाऊ, तू काही ऐकून राह्यला काय? तिकून काही आवाज आला?"

हो म्हटलं, तर कोणाचा ते सांगावं लागलं असतं. मग कोणाची हजेरी, ते. मग कोणता हुकूम, ते.

"नाई," गजेंद्र म्हणाला.

नयन खाली बसला आणि रडू लागला. गजेंद्रने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पलीकडे गुरुजी पुढचं नाव घेत नव्हते. थोडं थांबून त्यांनी तेच पुन्हा पुकारलं.